पुठ्ठ्यावरचा एफ सात

हणमंतने पॅनलचं दार उघडलं, दातात धरलेला टेस्टर खिशाला अडकवला आणि मशीनची मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हच्या डब्यावरचं खालच्या बाणाचं बटण दाबलं. एकदा दाबलं की शेवटचा बिघाड दिसतो, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा. असे दहा बिघाड तो डबा तारीखवेळेसकट लक्षात ठेवतो. अकरावा आला की सगळ्यांत जुना विसरून जातो. पहिल्या जागेवर शनिवारचे अकरा एकोणीस होते. आरडाओरडा झाल्यावर शेडमधल्या संघप्रियाने पळत येऊन मेन स्विच ओढला, त्याची ती नोंद. चालत्या मशीनची वीज तोडली की ड्राइव्ह जाता जाता तेवढं लिहूनच डोळे मिटतो. दुसऱ्या जागेवर होता एफ सात, शनिवार, अकरा सतरा. हणमंत त्या लाल आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने खिशातला मोबाईल निम्मा बाहेर काढला आणि परत आत सरकवला.

"झालं का, हणमंतराव? दहाच्या आत मशीन फिरलं पाहिजे."

मागे अनिलकुमार उभे होते, कारखान्याचे मॅनेजर. एरवी या माणसाचं बोलणं शेडच्या पार त्या टोकाला ऐकू जायचं. शनिवारपासून त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि हणमंतला त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटत होती.

"होतंय, साहेब."

"ते सेटिंग आता शून्यच राहू द्या. बुधवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत."

"शनिवारीच शून्य केलंय."

"शहाणे आहात."

शहाणा तर खराच. शनिवारी रंभाबाईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि फरशी अजून धुवायची होती, तेवढ्यात या शहाण्याने दोन कामं उरकली होती. ड्राइव्हमधलं एक सेटिंग पहिल्यासारखं केलं, आणि पॅनलच्या दारावरचा पुठ्ठा काढून जेवणाच्या पिशवीत घातला. एका बाईचा उजवा हात मनगटापासून गेला, आणि याचे दोन्ही हात लागले आवराआवरीला. हे आठवलं की त्याला स्वतःची किळस यायची, आणि ते दिवसातून पन्नास वेळा आठवायचं.

अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतला हा टॉवेलचा कारखाना. रंगवून धुऊन आलेलं ओलं कापड दोन रबरी रोलरमधून पिळून निघतं आणि पुढे वाळायला जातं. त्या रोलरची मोटर किती वेगाने फिरवायची ते ठरवणारा डबा म्हणजे ड्राइव्ह. कागदोपत्री त्याला इन्व्हर्टर म्हणतात, पण लाईट गेल्यावर घरातला पंखा चालवणारा तो हा नव्हे. हा उलट वीज जरा हलली की सगळ्यांच्या आधी रुसतो. व्होल्टेज थोडं खाली आलं तर ए सात दाखवतो आणि मंदावून का होईना चालत राहतो. फार खाली आलं तर एफ सात दाखवतो आणि मशीन बंद करून बसतो.

हे ए आणि एफ कारखान्याला शिकवले हणमंतने. ड्राइव्हबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी, उशीएवढं जाड, आणि हा दहावी नापास. पण गडी चिकट. कुंभारीच्या घरी ओट्यावर बसून, शेजारच्या कॉलेजातल्या पोरांना शब्द विचारून त्याने एकेक कोड पाठ केला होता. सहा वर्षांपूर्वी टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर जाड मार्करने लिहिलं आणि पॅनलवर टांगलं:

ए आला तर मशीनची तक्रार आहे. मशीन चालू राहील. मला सांगा.

एफ आला तर मशीन बंद. मी आल्याशिवाय चालू होत नाही.

खाली झोकात सही, हणमंत. शेवटच्या ओळीचा त्याला भारी अभिमान. आणि ती खोटी नव्हती. एफ आला की पॅनल उघडून रीसेट दाबावं लागायचं, आणि पॅनलची किल्ली फक्त त्याच्या कमरेला. रोलरवरच्या बायकांना दाराच्या काचेतून आकडे दिसायचे, आणि तो पुठ्ठा तोंडपाठ होता. रंभाबाई तर शेडच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारायची, "हणमंतभाऊ, एफ सात." मशीन थांबलंय तोवर रोलरच्या तोंडाशी गोळा झालेलं कापड हाताने सरळ करून ठेवायची, म्हणजे चालू झाल्यावर चुणी पडू नये. अठरा वर्षांची तिची ती सवय. कुणी शिकवलेली नव्हती आणि कुणी मोडलेलीही नव्हती. कापडाला आडवी येते म्हणून रोलरपुढची जाळी तर केव्हाच काढून भिंतीला लावून ठेवली होती.

गेल्या महिन्यापासून विजेची लाईन फार पडायला लागली. दिवसाला चार-पाच वेळा एफ सात. दर वेळी हणमंतने शेडभर धावायचं, आणि तोवर रोलरखाली दबलेल्या कापडावर पट्टा उठायचा. शुक्रवारी संध्याकाळी अनिलकुमार वैतागले.

"हणमंतराव, काहीतरी करा. तुम्हाला तर त्या डब्यातलं सगळं कळतं."

झालं. कुणी असं म्हटलं की हणमंत विरघळलाच. पुस्तकात होतंच ते: एक आकडा बदलायचा, मग वीज परत आली की ड्राइव्ह पाच सेकंद थांबतो आणि आपोआप मशीन चालू करतो. त्याच पानावर चौकटीत इशाराही होता, की आधी भोंगा बसवा आणि कामगारांना सांगा. भोंगा शनिवारी आणू, बायकांना सकाळी सांगू, पुठ्ठ्यावरची ओळही सकाळीच खोडू, असं म्हणून त्याने आकडा बदलला. अनिलकुमारांनी पाठीवर थाप मारली. शनिवारी सकाळी आल्या आल्या त्याला कॉम्प्रेसरच्या खोलीत बोलावलं, आणि तो तिकडेच अडकला. अकरा सतराला लाईन पडली. मार्कर त्याच्या खिशातच होता.

आता हे चौघांना माहीत असतं तर गोष्ट वेगळी. पण सेटिंग माहीत दोघांनाच, त्याला आणि अनिलकुमारांना. कारखान्याचं म्हणणं ठरलेलं होतं: मशीन बंद पडलंच नव्हतं, बाईने चालत्या मशीनमध्ये हात घातला. बाकीच्या बायकांना विचारलं तर त्या म्हणत, लाईट तर रोजच जाती, तवा गेली का न्हाय कोण बगतंय. उरला तो डबा. सतराला बंद पडलेलं मशीन एकोणीसला चालत होतं, आणि रीसेट करणारा हणमंत तेव्हा कॉम्प्रेसरपाशी होता. दोन ओळी शेजारी शेजारी वाचल्या तर शेंबड्या पोरालाही कळावं. त्या दाखवल्या तर रंभाबाईवरचा ठपका जाणार होता आणि हणमंतवर येणार होता. नोकरी तर जाणारच, वर पोलिसही दारात येतील, असं त्याला वाटत होतं. 

त्याने पॅनलचं दार लावलं आणि मशीन चालू केलं. दुसरी ओळ पुसली जायला अजून नऊ एफ लागणार होते. त्याने काहीच करायची गरज नव्हती. आपलं रोजचं काम केलं तरी पुरे होतं.

रंभाबाईच्या जागी संघप्रियाला उभं केलं होतं. तेवीस वर्षांची पोर, लग्न होऊन कुंभारीला आलेली. ती पॅनलच्या दाराकडे बघत होती. तिथे पुठ्ठ्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

"मामा, पुठ्ठा कुटं गेला ओ?"

"फाटला हुता."

"एफ आला तर कापड सरळ करायचं न्हवं? मशीन बंदच आसतंय की."

"न्हाय," हणमंत म्हणाला. "काय बी येऊ दे, हात घालायचा न्हाय. ए येऊ दे, एफ येऊ दे, न्हायतर माजा बा येऊ दे."

पोरगी दचकली. हणमंतमामा असं कधी बोलत नसे.

सोमवारी लाईन चार वेळा पडली. चार वेळा तो धावत आला, रीसेट दाबला आणि खालच्या बाणाने मोजत गेला. अकरा सतरा सहाव्या जागेवर गेलं होतं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता बोलावं. आणि प्रत्येक वेळी अनिलकुमारांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन तो पाण्याच्या टाकीकडे वळायचा.

संध्याकाळी घरी त्याची बायको विठाबाई डबा धुवायला म्हणून पिशवी घेऊन मोरीत बसली, आणि तिच्या हाताला पुठ्ठा लागला.

"ह्ये कशाला आणलंया घरी?"

"जुनं झालं."

विठाबाईने पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण सही ओळखीची होती. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला.

"रंभाबाईला बगून आले का?"

"जायचं हाय."

"मी गेलते दुपारच्याला. ऋतुजा बसलीया उशापाशी, तिची लेक. कालेज बुडवून." विठाबाई डबा घासत बोलत होती. "रंभाबाई रडत न्हाय, काय न्हाय. नुसती म्हणतीया, माजंच चुकलं. कारखान्याचं नाव खराब झालं म्हणतीया. मीच येंधळी, म्हणतीया. आता बाई, हात गेला तुजा, अन् तूच माफी मागतीया व्हय? मला लई वंगाळ वाटलं बगा."

हणमंतने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. भिंतीला टेकलेल्या पुठ्ठ्यावर त्याचंच नाव त्याच्याकडे तोंड करून होतं. अठरा वर्षं ती बाई त्याला भाऊ म्हणत आली होती. दिवाळीला तिच्याकडून फराळाचा डबा यायचा. आणि ती तिथे पडून माफी मागत होती. त्याला वाटलं, आपण माणूस म्हणायच्या लायकीचे राहिलो नाही.

मंगळवारी तो ठरवूनच कामावर आला. पण ठरवणं आणि तोंड उघडणं यांत सकाळचे आठ ते दुपारचे तीन गेले, आणि तेवढ्यात लाईन पुन्हा चार वेळा पडली. तीनला त्याने बाण दाबत दाबत खाली जाऊन बघितलं. नवव्या जागेवर अकरा एकोणीस. दहाव्या, शेवटच्या जागेवर अकरा सतरा. आता एक एफ सात आला की संपलं.

 मोबाईल काढून त्याने पडद्याचे दोन फोटो घेतले, तीन घेतले. ते लाल आकडे डोळ्यांना सलग दिसतात, पण मुळात ते इतक्या भराभर लुकलुकत असतात की मोबाईलमध्ये अर्धेच उतरतात. एका फोटोत नुसता एक आला, दुसऱ्यात सातचा वरचा दांडा. अशा फोटोवर कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा डबाच दाखवावा. उद्या इन्स्पेक्टरला इथे उभं करायचं, बटण दाबायचं, आणि बोलायचं. तोवर मशीन फिरलं नाही म्हणजे झालं.

तो अनिलकुमारांकडे गेला.

"साहेब, रोलरची बेअरिंग आवाज करतीय. उद्या साहेब लोकांपुढं काय झालं तर बरं दिसायचं नाही. मशीन उद्यापर्यंत बंद ठेवतो."

अनिलकुमारांनी थोडा विचार केला. "बरं. ठेवा."

हणमंत जवळजवळ पळतच परत आला. लाईन केव्हा पडेल याचा नेम नव्हता. संघप्रियाला त्याने मागे व्हायला सांगितलं, मेनची दांडी दोन्ही हातांनी खाली ओढली आणि तिला कुलूप घातलं. रोलर फिरत फिरत थांबले, पडदा विझला. त्याने किल्ली कनवटीला लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला. घरी जाऊन तो दोन भाकरी जेवला. विठाबाईला म्हणाला, "उद्या कदाचित लवकर येईन. कदाचित कायमचाच येईन."  तिने पुठ्ठा घडी न करता पिशवीत नीट ठेवून दिला.

बुधवारी अकराच्या सुमारास फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. साधा, कामाचा माणूस. चहा नंतर घेऊ म्हणाले आणि थेट मशीनपाशी आले. जाळी कुठे आहे विचारलं, भिंतीला लावलेली बघितली, वहीत लिहिलं. शनिवारी मशीन चालवताना कोण कुठे होतं ते विचारलं. अनिलकुमार एकेक सांगत होते.

"साहेब, मला सांगायचंय," हणमंत म्हणाला.

अनिलकुमारांनी मान वळवली.

"त्या दिवशी मशीन बंद पडलं होतं. लाईन पडली, एफ सात आला. बाईनं बंद मशीनमध्ये हात घातला. मग ते आपोआप चालू झालं. तसं सेटिंग मी केलं होतं, शुक्रवारी. कुणाला सांगितलं नव्हतं."

 शब्द एकदाचे बाहेर पडले होते.

इन्स्पेक्टरांनी वही बंद केली नाही. "सेटिंग आता काय आहे?"

"आता शून्य आहे. अपघात झाल्यावर मी बदललं. पण डब्यात नोंद आहे साहेब. सतराला बंद, एकोणीसला चालू. मी दाखवतो."

त्याने कुलूप काढलं आणि मेन वर ढकलला. पडदा पेटला. खालचा बाण. सोमवार-मंगळवारचे एफ सात एकामागून एक येत गेले. हणमंत ओठ हलवत मोजत होता. सात, आठ, नऊ. नवव्या जागेवर सोमवारची सकाळ होती. त्याने दहाव्यांदा दाबलं. शनिवार, अकरा एकोणीस. पुन्हा दाबलं, तर पडदा फिरून पहिल्या जागेवर आला. पहिल्या जागेवर होती मंगळवारची तीन वाजून चौतीस मिनिटं.

तीन चौतीस. काल त्याने स्वतः मेन ओढला ती वेळ. मशीन फिरत होतं, थांबवायचं बटण दाबायचं सोडून या शहाण्याने घाईत सरळ वीज तोडली. आणि चालत्या मशीनची वीज तोडली की ड्राइव्ह जाता जाता लिहून ठेवतो. सहा वर्षं नव्या पोरांना हेच तो शिकवत आला होता. लाईन पडलीच नव्हती. शेवटची ती ओळ त्याच्याच दोन हातांनी ढकलून दिली होती.

"शनिवार अकरा एकोणीस," इन्स्पेक्टरांनी वाकून वाचलं. "ही कसली नोंद?"

"मेन ओढला त्याची," अनिलकुमार म्हणाले. "म्हणजे मशीन चालू होतं, साहेब."

"चालू असल्याशिवाय ही नोंद होत नाही?"

प्रश्न हणमंतला होता. त्याने मान हलवली. ते खरंच होतं.

"आणि सतराची कुठे आहे?"

"होती, साहेब. काल तीनला होती. मी बघितली."

"आणखी कुणी बघितली?"

हणमंतने संघप्रियाकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. तिला बिचारीला काय ठाऊक. अनिलकुमार पुढे झाले आणि त्यांनी हणमंतच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, हे आमचे सगळ्यांत जुने इलेक्ट्रिशियन. रंभाबाई यांच्याच गावची, घरोबा आहे. शनिवारपासून झोप नाही यांना. तिच्यावरचं सगळं आपल्या अंगावर घ्यायला निघालेत." आणि मग हणमंतकडे वळून, अगदी मनापासून वाटावं असं, "तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या, हणमंतराव. नोकरीची काळजी करू नका."

इन्स्पेक्टरांनी हणमंतकडे जरा वेळ बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. उलट थोडी कणवच होती, आणि हणमंतला ती सोसवेना. "तुमचं म्हणणं लिहून घेतो," ते म्हणाले, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं, दोन ओळींत. मग जाळीबद्दलचं पान काढलं.

दुपारी हणमंत सरकारी दवाखान्यात गेला. बायकांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर रंभाबाई बसून होती. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवलेला. ऋतुजा स्टुलावर बसून सफरचंद कापत होती.

"या की भाऊ. वैनी येऊन गेल्या परवा." रंभाबाईने पदर सावरायला उजवा खांदा उचलला, मग थांबून डाव्या हाताने सावरला. "बस, म्हण की गं मामाला. ऊठ."

तो बसला नाही. सकाळपासून तोंडात धरलेलं त्याने एका दमात सांगून टाकलं. शुक्रवारचं सेटिंग, पाच सेकंद, न आणलेला भोंगा. मशीन बंद होतं, ते आपोआप चालू झालं. तुमची चूक न्हाय, रंभाबाई. माजी हाय.

ती ऐकत होती. मधेच तिने ऋतुजाला खुणेने पाणी दे म्हणून सांगितलं. त्याचं बोलणं संपल्यावर ती हसली, आजारी माणूस भेटायला आलेल्याची समजूत काढताना हसतो तसं.

"भाऊ, कशाला सोताच्या डोक्यावर घेताय. मला बरं वाटावं म्हणून, व्हय?"

"खरं सांगतुया. शपथ घेऊन सांगतो."

"मी लई इचार केला हितं पडून. दुसरं काय काम हाय." ती सावकाश बोलत होती, पोरांना हिशेब समजावून द्यावा तशी. "मला वाटलं एफ सात दिसला. पर तो एफ नसणार. ए आसणार. दोनी सारकंच दिसत्यात की त्या डब्यावर, एक दांडी कमी-जास्त. चाळिशी लागलीया, चष्मा करायचा राह्यला हुता. ऋतुजा कवाची मागं लागली हुती."

"ए न्हाय. एफच हुता. मी डब्यात बगितलाय."

"रोलर थांबल्यागत दिसलं, पर ए आला की मंद हुत्यातच की. तसं फिरत आसतील."

"रंभाबाई, थांबलेलेच हुते."

"आन् थांबलं आसतं तर चालू कसं झालं आसतं?" तिने त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. त्या डोळ्यांत अविश्वास नव्हता, तेच तर वाईट होतं. "एफ आला तर तुमी आल्याशिवाय चालू हुत न्हाय. पुठ्ठ्यावर लिवलंय की. तुमचंच अक्षर हाय, तुमची सई हाय खाली. सा वर्सं बगतीया मी, एकदा बी खोटं झालं न्हाय. मग? मशीन चालू झालं मंजे तो ए च आसणार. माजीच नजर चुकली."

हणमंतच्या पायाशी पिशवी होती. पिशवीत डब्याच्या शेजारी पुठ्ठा उभा होता, कडेचा थोडा भाग बाहेर डोकावत होता. त्याने पिशवी पायाने खाटेखाली सरकवली.

"काल अनिलकुमार साहेब येऊन गेले," ऋतुजा म्हणाली. "कागदावर अंगठा घेतला. आईला सही येते, पण आता..." तिने वाक्य सोडून दिलं आणि सफरचंदाची बी सुरीच्या टोकाने काढायला लागली.

"मीच सांगितलं, चूक माजीच म्हणून लिवा," रंभाबाई म्हणाली. "उगं कुणाला तरास नको. भाऊ, एक करा. माज्या जागी नवी पोर उबी राहील न्हवं? तिच्यासाटी पुठ्ठ्यावर ए आन् एफ जरा मोटं लिवा. लांबनं वळकाय यायला पायजे. बाकीचं हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

खाली कुठेतरी स्ट्रेचरची चाकं फरशीवरून गेली.  सहा वर्षांत ज्या एका ओळीवर कुणी शंका घेतली नाही, तिच्यापुढे त्याच्या तोंडच्या शब्दाला आता काही किंमत उरली नव्हती.

"लिवतो," तो म्हणाला.

ऋतुजाने ताटली पुढे केली. रंभाबाईने डाव्या हाताने चाचपडत एक फोड उचलली. ती तिच्या बोटांतून सटकली, तिने परत उचलली आणि हणमंतपुढे धरली.

"घ्या. गोड हाईत. साहेबांनीच आणल्यात."

हणमंतने फोड घेतली, आणि ती बघत होती तोवर पुरी खाल्ली.